कायद्याचा पंडित धनगरांच्या वाड्यावर



शेजारच्या घरातून सणाचे ताट आले की आपण ते आनंदाने घेतो. पण हा सण कोणाचा, तो या घरात कुठून आला, हे आपण क्वचितच विचारतो. आज आम्ही अशा एका जर्मन कायदेपंडिताची ओळख करून देत आहोत, ज्यांनी हेच विचारण्यात आणि ऐकण्यात आपल्या महाराष्ट्रात कित्येक वर्षे घालवली.

डॉ. गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) हे मूळचे कायद्याचे विद्यार्थी. लंडन येथे हिंदू कायद्याचे नामवंत अभ्यासक प्रा. डंकन डेरेट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एकत्र हिंदू कुटुंब या विषयावर प्रबंध लिहिला. तो १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. हायडलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत त्यांनी अध्यापन केले.

एकत्र कुटुंबाचा कायदा म्हणजे काय? ‘मिताक्षरा’ या ग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. बंगालमध्ये मानल्या जाणाऱ्या ‘दायभाग’ ग्रंथाप्रमाणे तो वडिलांच्या मृत्यूनंतरच मिळतो. मुलीला हा जन्मसिद्ध हक्क केंद्रीय कायद्याने २००५ साली दिला. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना हा कायदा लागू नाही. आपल्यासाठी १९२५ चा भारतीय वारसा कायदा आहे आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच असतो.

परंतु कायदा केवळ ग्रंथात नसतो. धर्मशास्त्रांनी श्रुती व स्मृती यांच्याबरोबर सदाचारालाही, म्हणजे भल्या माणसांच्या चालीरीतींनाही, मान दिला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसारही लग्न वधू किंवा वर यांच्याकडील रूढीप्रमाणे लावता येते. ही रूढी ग्रंथालयाच्या कपाटात सापडत नाही. ती लोकांच्या तोंडी असते. ती जाणून घ्यायची तर लोकांकडेच जावे लागते.

सोन्थायमर लोकांकडे गेले. ते मराठी शिकले आणि धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांत व देवळांत जाऊन बसले. मेंढपाळांच्या ओव्या व कथा त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला व त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली. त्यांच्या निधनानंतर अ‍ॅन फेल्डहाउस यांनी मराठी सहकाऱ्यांसह त्यांतील दोन दीर्घ कथा, बिरोबाची व धुळोबाची, इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक २०१४ साली निघाले. ज्यांना लिहिता येत नव्हते अशांचे शब्द त्यामुळे जगापुढे आले.

पुरंदर तालुक्यातील वीर गावच्या म्हस्कोबाची कथा पाहा. हा देव मूळचा सोनारीचा. कमळाजी नावाच्या धनगराच्या भक्तीमुळे तो त्याच्यामागून वीरला आला, असे भक्त सांगतात. भक्त चालला की देवही त्याच्यासोबत चालतो, असा या कथेचा भाव. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन बायका, वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई. एकाच देवाच्या घरात गाव आणि रान नांदते.

अशा अभ्यासातून सोन्थायमर यांनी हिंदू धर्माचे पाच घटक मांडले: ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, संन्यास, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती. हे पाचही एकमेकांत मिसळलेले असतात, एकावरून सगळ्यांचा निवाडा करता येत नाही, हे त्यातून आपण शिकावे.

हे आपल्या उल्हासनगरात सांगण्याचे कारण आहे. आपला कॅम्प नंबर तीन हे नावच लष्करी छावणीची आठवण आहे. फाळणीनंतर सिंधी बांधव इथल्या बराकींत आले, तेव्हा त्यांनी झुलेलालला मनात सोबत आणले. त्यांच्यानंतर नाशिक, मराठवाडा, केरळ, तामिळनाडू अशा कितीतरी ठिकाणांहून माणसे आली आणि प्रत्येकाने आपली चालरीत बरोबर आणली. आपल्या घरांतही लग्नाची गाणी, हळद, रोस, नोव्हेना यांतले किती तरी आजी-आजोबांच्या गावाहून आलेले आहे. ते कुठे लिहून ठेवलेले नाही. ती माणसे गेली की तेही जाईल.

दूरदेशीचा एक कायदेपंडित मेंढपाळाशेजारी बसून ऐकू शकतो, तर आपल्याला जिना उतरून शेजारी जाणे कठीण का व्हावे? ऐकले म्हणून आपली श्रद्धा उणी होत नाही. न ऐकता बोललो तर मात्र शेजारी दुरावतो.

विभागाच्या सभेत चर्चेसाठी:
१. आपल्या घरातील कोणती चालरीत आपण वडीलधाऱ्यांकडून अजून विचारून घेतलेली नाही?
२. शेजाऱ्याच्या कोणत्या सणाबद्दल आपण केवळ ऐकीव माहितीवर मत बनवले आहे?
३. आपल्या कुटुंबात मुलीच्या वाट्याविषयी कायदा काय सांगतो आणि आपली रूढी काय करते?