बोडीत पोहणारी पोरं समुद्रावर जाताना

आई-बाबांनो, कोकणच्या सहलीचं संमतीपत्र देताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला एकच सांगितलं, "पाण्याची काळजी नको मॅडम, पोरगा बोडीत पोहूनच मोठा झालाय." मला काळजी वाटते ती याच वाक्याची.

आपल्या करडी गावच्या पोरांना धोका कळत नाही असं मी म्हणणार नाही. कोक्याचं जंगल जवळ, म्हणून मोहफुलं वेचायला एकटं जायचं नाही, वाकल्यावर मधूनमधून मान वर करून अस्वलाची चाहूल घ्यायची, हे त्यांना शाळेत शिकवावं लागत नाही. रोवणीत बांधीच्या धुऱ्यावर साप असतो, वैनगंगा पावसाळ्यात फुगते, तेही ठाऊक. पण समुद्र त्यांनी पाहिलेलाच नाही.

नदीवर आपण सांगतो, खळखळ आहे तिथं जाऊ नको, संथ पाण्यात उतर. समुद्रावर नेमकं हेच घात करतं. लाटांनी काठावर लोटलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत परततं. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून बाजूच्या उसळत्या पाण्यापेक्षा तोच शांत दिसतो. आपलं पोर तिथंच उतरेल. ओढलं गेलं की सरळ काठाकडे हात मारत राहील आणि दमेल. अशा वेळी ओढीशी झुंजायचं नसतं. अंग पाण्यावर तरंगत ठेवायचं, हात वर करून हाक मारायची, जमलं तर काठाला समांतर, आडवं पोहत पट्ट्याबाहेर यायचं.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजातली मुलं होती. आपली सातवी-आठवीतली आहेत.

भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी बदलते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं. ओहोटीला कोरड्या दिसणाऱ्या खडकांवर फोटोसाठी गेलेलं पोर परतीच्या वाटेवर पाणी पाहून घाबरतं. म्हणून तिथल्या कोळीबांधवांना विचारल्याशिवाय मुलांना किनाऱ्यावर नेणार नाही, आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कुणालाच जाऊ देणार नाही. माझा राग आला तरी चालेल.

वाळूत पाकट माशाचा काटाही असतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना तो लागला होता. पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाललं की पाकट सरकून जातो. काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून थेट दवाखाना. जेलीफिश मेलेली दिसली तरी हात लावायचा नाही.

आज रात्री जेवताना पोराला सहज विचारा, "लाटा उसळतायत आणि मधेच एक पट्टा शांत आहे, तू कुठं उतरशील?" काय उत्तर देतो ते उद्या मला सांगा.