शेअरबाजारातील सक्तीचा विराम

निंबोल्याच्या शेतातील केळीचा घड एकदा कापला, की तो गिऱ्हाइकासाठी फार काळ थांबू शकत नाही. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा अंश. तो नासत नाही. मात्र भीतीची लाट आली म्हणजे त्याचा भाव क्षणात कोसळतो.

मुंबईच्या शेअरबाजारात पूर्वी ‘तारवणीवाले’ असत. खरेदीचा व विक्रीचा असे दोन्ही भाव पुकारून ते स्वतःच्या जोखमीवर सौदे करीत; दोहोंतील अंतर हा त्यांचा नफा. १९९५ साली तेथे संगणकावर व्यवहार सुरू झाले आणि तो पुकारा मावळला. परंतु सारेच विकू लागले, म्हणजे असा व्यापारीही हात आखडता घेतो. अशा वेळी उपाय कोणता?

निर्देशांक १० टक्के चढला वा उतरला, की व्यवहार काही काळ थांबविण्याचा नियम आपल्या देशात २००१ पासून आहे. १३ मार्च २०२० रोजी बाजार ४५ मिनिटे थांबला. पुढे सावरून निर्देशांक आदल्या दिवसापेक्षा वर गेला. २३ मार्चला तसाच विराम मिळाला. तरी दिवसअखेर १३ टक्क्यांची घट झालीच. म्हणजे विराम भाव ठरवीत नाही, केवळ विचारास अवधी देतो.

ज्याला त्याच घटकेस पैशाची निकड असते, त्याची यात अडचण होते, हे खरे. तथापि नियम आधी जाहीर असावा आणि तेजीस व मंदीस, धनिकास व सामान्यास सारखाच लागू व्हावा, म्हणजे तो न्याय्य होय, असे आम्हांस वाटते. १८ मे २००९ रोजी तर भाव चढल्यामुळे व्यवहार थांबविले होते!