निकाल ठरलेला, मग पंच कशाला?

प्रश्न : टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं म्हणतात. मग रिंगमधला तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातला पंच करतो तरी काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ठरलेलं असतं, हे खुद्द कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल केलं. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचे होते ना!

आपल्या आखाड्यातला पंच निकाल देतो. तिथला पंच ठरलेला निकाल सुखरूप पार पाडतो. त्याच्या कानात छोटं यंत्र असतं. ‘दोन मिनिटं उरली, आटपा’ असा निरोप पडद्यामागून आला, की तो पडलेल्या मल्लाची विचारपूस केल्यासारखं वाकून कुजबुजतो. त्याच वेळी हातही दाबून बघतो. मल्लाने उलट हात दाबला तर ठीक. खरंच मोठी दुखापत असेल, तर पंच डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो आणि डॉक्टर धावतात. खलनायकाला लबाडी करायची असेल तेव्हा एखादा धक्का खाऊन बेशुद्ध पडणं हेही त्याचंच काम. यातलं काहीच प्रेक्षकाच्या लक्षात येऊ नये, हीच त्याची कसोटी.

अर्ल हेबनर हा पंच मात्र लक्षात राहिला, तोही दोनदा. ५ फेब्रुवारी १९८८ ला हल्क होगनचा खांदा वर असतानाही पंचाने तीन मोजले आणि आंद्रे द जायंटला विजेता ठरवलं. तेवढ्यात हुबेहूब तसाच दुसरा पंच रिंगमध्ये अवतरला! कथेत तीन मोजणारा पंच हा प्लास्टिक सर्जरीने घडवलेला तोतया होता. प्रत्यक्षात मागून आलेला नेहमीचा पंच डेव्ह हेबनर आणि तोतया झालेला अर्ल, दोघे जुळे भाऊ. असला मसाला आपल्या सिनेमावाल्यांनाही सुचला असता.

दुसरी गोष्ट करमणुकीची नाही. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. किताबाचा मानकरी ब्रेट हार्ट प्रतिस्पर्धी कंपनीत निघाला होता, आणि आपल्या कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायला तयार नव्हता. मायकल्सने त्याला त्याच्याच खास पेचात धरलं. ब्रेटने हार मानलीच नव्हती, तरी अर्लने घंटा वाजवायला सांगितलं आणि तडक रिंगबाहेर पळ काढला. हुकूम मालक विन्स मॅकमहॉनचा. ब्रेटला मात्र अर्लने दगा न देण्याचा शब्द दिला होता. नंतर कित्येक वर्षं तो रिंगमध्ये आला, की प्रेक्षक ‘तू ब्रेटला फसवलंस’ म्हणून ओरडत.