पंचाहत्तरची थरथर

मित्रांनो, टीओएमच्या पेपरात हूक्स जॉइंटचा प्रश्न हमखास असतो आणि आपण सगळे तो पाठ करतो. मीही केला होता, आठपैकी सात मार्कही पडले. पण हूक्स जॉइंट म्हणजे काय हे मला खरं कळलं ते दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या पिकअपखाली पाठीवर झोपून, तोंडावर ग्रीस पडल्यावर!

आमची पिकअप म्हणजे घरचं दुभतं जनावर. फलटणजवळच्या गावातून रात्री भाजी भरायची आणि पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवायची. मीटरवर ३ लाख ४० हजार किलोमीटर. घरी गेलो तर अण्णा काळजीत. म्हणाले, "गाडी सत्तरच्या पुढं गेली की अंगात आल्यासारखी थरथरते. ऐंशीच्या वर परत जरा शांत होते." दोनदा व्हील बॅलन्सिंग झालेलं, फरक शून्य. मिस्त्रींचं म्हणणं, "इंजिन उतरवावं लागंल, चाळीस हजार धरून चाला." अण्णा गाडी विकायच्या विचारात होते. माझी पुढची फी त्याच गाडीतून यायची होती, हे कुणी बोललं नाही, पण मला कळत होतं.

आई सहज म्हणाली, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? बघ की जरा." मला घाम फुटला. थर्ड इयर मेकॅनिकल, आणि आजवर गाडीचा एक नटसुद्धा खोललेला नाही!

पहिलं ठरवलं, की काहीही खोलायचं नाही. आधी प्रश्न विचारायचे.

प्रश्न एक : थरथर इंजिनच्या आरपीएमबरोबर येते की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिन २५०० आरपीएमपर्यंत नेलं, काही नाही. मग पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर अण्णा चालवायला आणि मी शेजारी. पंचाहत्तरला थरथर सुरू झाल्यावर त्यांनी क्लच दाबून न्यूट्रल केलं. इंजिन आयडलिंगला आलं, थरथर तशीच! म्हणजे इंजिन निर्दोष. (हे करताना इंजिन बंद करू नका, ब्रेकला मिळणारी मदत लवकरच संपते.) चाळीस हजारांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला.

प्रश्न दोन : थरथर कुठे जाणवते? पुढच्या चाकांचा दोष असेल तर बहुधा स्टिअरिंग हलतं. इथे स्टिअरिंग शांत, पण सीट आणि फरशी थरथरत होती. म्हणजे मामला मागचा.

प्रश्न तीन : सेकंदाला किती वेळा? टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलली. चाकाच्या एका फेऱ्यात २.१ मीटर. ताशी ७५.६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २१ मीटर, म्हणून चाक सेकंदाला १० फेरे घेतं, म्हणजे १० हर्ट्झ. मग पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकने उचललं आणि खाली भक्कम टेकू दिला. उचललेलं चाक दोन फेरे फिरवलं. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असताना डिफरन्शियलमुळे हे दोन फेरे एकाच्या बरोबरीचे होतात. प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजले, चाराला थोडे जास्त, ४.१ धरा. म्हणजे त्या वेगाला शाफ्ट ४१ हर्ट्झने फिरतो.

आता मोजायचं कशाने? मोबाइलमध्ये ॲक्सेलरोमीटर असतोच. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेलं 'फायफॉक्स' हे ॲप फुकट मिळतं. मोबाइल फरशीला चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि वेग जीपीएसवर पाहिला, कारण जुन्या स्पीडोमीटरवर भरवसा नाही. माझा मोबाइल सेकंदाला २०० नोंदी घेतो, म्हणजे १०० हर्ट्झपर्यंतचं दिसणार. (नायक्विस्ट साहेब, तुम्हालाही उगाच शिव्या दिल्या!) आलेखात शिखर आलं ४१ च्या आसपास. १० वर जवळपास सपाट. गुन्हेगार चाक नव्हे, शाफ्ट!

खाली शिरून शाफ्ट हाताने हलवला तर मागचा क्रॉस खडखड करत होता, आणि बेअरिंगच्या कपाभोवती तांबूस कोरडी पूड. आतलं ग्रीस संपलेलं. क्रॉस सैल झाला की शाफ्ट मध्यावरून सरकून फिरतो, म्हणजे अनबॅलन्स. जोर किती येतो ते बघा. २० ग्रॅम वजन मध्यापासून ४ सेंटिमीटरवर असेल तर ४१ हर्ट्झला साधारण ५३ न्यूटन, म्हणजे साडेपाच किलोचा धक्का. अर्ध्या वेगाला त्याच्या चौथाई. म्हणून चाळीसला काही जाणवत नव्हतं. आणि ऐंशीनंतर कमी का, तर पंचाहत्तरला धक्क्यांची गती फरशीच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीशी जुळत असावी. तोच आपला रेझोनन्स.

नवा क्रॉस हजाराच्या आत आला. मिस्त्रींच्या गॅरेजात मी स्वतः हौसेने शाफ्ट उतरवला, दोन तुकडे वेगळे केले, क्रॉस बदलून जोडला. ट्रायल घेतली तर थरथर आहेच, फक्त वेगळी, बारीक, घूं-घूं करणारी. अण्णा काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरला. तो चेहरा मी विसरणार नाही.

पुन्हा मोबाइल लावला. ४१ चं शिखर गायब, नवं शिखर ८२ वर. बरोबर दुप्पट! आणि मला पेपरातलं उत्तर आठवलं. हूक्स जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात बाहेरचा वेग दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दहा अंशाच्या कोनाला साधारण दीड टक्का वर आणि तेवढाच खाली. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच एका जॉइंटचा चढउतार दुसरा खाऊन टाकतो. मी शाफ्टचे तुकडे खूण न करता ओढले होते आणि स्प्लाइनचे दाते सरकवून बसवले होते. चूक शंभर टक्के माझी.

मिस्त्री हसले, "पोरा, खोलायच्या आधी पंचची खूण करायची असती." शाफ्ट परत उतरवून योक रेषेत बसवले. त्या रात्री गाडी ऐंशीला पाण्यासारखी पळाली. मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं. असा क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं तर भरलेली गाडी उलटायला वेळ लागत नाही. अण्णा महिनाभर तशीच गाडी रोज रात्री चालवत होते, हे ऐकून पोटात गोळा आला.

तेव्हा मित्रांनो, घरची गाडी थरथरली तर आधी पाना उचलू नका. ती कशाबरोबर थरथरते, कुठे आणि सेकंदाला किती वेळा, हे तीन प्रश्न विचारा. आणि खोलायच्या आधी खूण करा! त्या प्रश्नाचा राहिलेला आठवा मार्क मला त्या रात्री मिळाला.