पाणबुडीवरील वैद्यकीय साहाय्यक

विद्यार्थिमित्रांनो, सह्याद्रीच्या माथ्यावर, मलप्रभेच्या उगमाशी वसलेल्या आपल्या कणकुंबीला 'वैद्य दूर असणे' म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. आषाढात पावसाची झड लागली आणि ओढे भरून वाहू लागले, म्हणजे खानापूर तालुक्यातील रानातल्या वाड्यांवरून आजारी माणसाला खाटेवर घालून, चौघांच्या खांद्यांवरून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. मग खानापूर, आणि तेथे उपाय न झाल्यास बेळगाव. परंतु वाट कितीही बिकट असली तरी ती वाट असते. चार माणसे जिद्दीला पेटली तर ती तुडवता येते. जेथे अशी वाटच नाही, तेथे रोग्याने काय करावे? आणि ज्याच्यावर त्या रोग्याचा भार आहे त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आज समुद्राच्या पोटात उतरणार आहोत.

आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी 'कलवरी' ही ८ डिसेंबर १९६७ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघराज्यातील रिगा बंदरात सेवेत दाखल झाली. पुढे १९९२ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'शाल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ठरली. त्याच गोदीतून २०१७ ते २०२५ या काळात नव्या 'कलवरी' वर्गाच्या सहा पाणबुड्या नौदलास मिळाल्या. त्यांतील 'खांदेरी'चे नाव ऐकताच शिवछत्रपतींनी अलिबागजवळच्या बेटावर उभारलेला जलदुर्ग आपणांस आठवेल.

पाणबुडीचे सारे बळ तिच्या अदृश्य असण्यात आहे. ती पाण्यावर आली किंवा तिने बिनतारी संदेश पाठविला, की तिचा ठावठिकाणा शत्रूस कळण्याची भीती असते. म्हणून ती दिवसेंदिवस मौन पाळून पाण्याखाली राहते. चाळीस-पन्नास माणसे पोलादी कवचात, यंत्रांच्या गर्दीत दाटीवाटीने राहतात. तेथे ऊन नाही, वारा नाही, दिवस-रात्रीचा भेद नाही. गोडे पाणी मोजून वापरावयाचे. अशा ठिकाणी जहाजावर असते तसे रुग्णालय थाटण्यास जागा कोठून असणार? अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांवर शंभराहून अधिक माणसे असतात. तरीही त्यांच्या आरोग्याचा भार बहुधा एकाच वैद्यकीय साहाय्यकावर असतो. तो पदवीधर डॉक्टर नसतो. विशेष शिक्षण घेतलेला नाविक असतो. आपल्या नौदलातही वैद्यकीय साहाय्यकांची स्वतंत्र शाखा असून त्यांचे शिक्षण मुंबईच्या कुलाबा भागातील 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात होते. देवांच्या वैद्यांची आठवण करून देणारे हे नाव किती समर्पक आहे!

या साहाय्यकाचे काम रोगी आल्यावर सुरू होते, असे आपणांस वाटेल. वस्तुतः ते पाणबुडी बंदर सोडण्यापूर्वीच सुरू झालेले असते. प्रत्येकाची प्रकृती तपासली गेली आहे ना, कोणाची दाढ किडलेली नाही ना, औषधांच्या पेटीत काही कमी नाही ना, हे त्याने आधी पाहावयाचे. किनाऱ्यावर क्षुल्लक वाटणारी दाढदुखी समुद्राखाली पंधरा दिवस माणसाला निरुपयोगी करून सोडते. नंतर स्वयंपाकघराची स्वच्छता, पिण्याचे पाणी, अंगावर उठणारे पुरळ, अपुरी झोप, घरच्या आठवणीने खिन्न झालेला एखादा तरुण, या सर्वांवर त्याची नजर असते. एक गंमतीची गोष्ट अशी की, प्रवासाच्या आरंभी एकाला पडसे झाले की ते सर्वांना होते. परंतु काही आठवड्यांनी ते आपोआप नाहीसे होते. बाहेरून नवे जंतू येणारच नाहीत, तर पडसे यावे कोठून?

तथापि पाणबुडीवरील सर्वांत मोठा रोगी म्हणजे तेथील हवा होय. थोडे गणित करून पाहा. सामान्य माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. पन्नास माणसे म्हणजे तासाला सुमारे १,००० लिटर! बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के असते. ते ३ टक्क्यांच्या आसपास गेले की श्वास जलद होतो व डोके दुखू लागते. १० टक्क्यांवर माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून सोडा-लाइमसारख्या रसायनांनी हा वायू शोषून घेतात व प्राणवायूचा नवा पुरवठा करतात. समुद्राचे पाणी बॅटरीतील आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन निर्माण होतो, आणि आग लागली तर कार्बन मोनॉक्साइड. या शेवटच्या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने संयोग पावतो.

येथेच साहाय्यकाच्या बुद्धीची कसोटी लागते. समजा, एका पाळीत तीन नाविक डोके दुखते म्हणून त्याच्याकडे आले. तिघांना तीन गोळ्या देऊन तो त्यांना परत पाठवू शकेल. परंतु जाणता साहाय्यक क्षणभर थांबतो आणि मनाशी म्हणतो की, हे तीन आजार नसून एकच आजार असावा, आणि तो या तिघांना नसून हवेला असावा. मग तो गोळ्यांच्या बाटलीकडे न जाता हवा मोजण्याच्या उपकरणाकडे जातो.

ही भीती काल्पनिक नाही. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न' या पाणबुडीच्या एका कक्षात धूर भरला. दोन अधिकारी त्यात मृत्यू पावले. सात जणांना हेलिकॉप्टरने 'अश्विनी' रुग्णालयात हलवावे लागले. त्याच दिवशी या आणि तत्पूर्वीच्या अपघातांची नैतिक जबाबदारी स्वीकारून नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल जोशी यांनी पदत्याग केला. तो किनारा जवळ होता. किनारा दूर असता तर?

या 'तर'चे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धात घडले. ११ सप्टेंबर १९४२ रोजी 'सीड्रॅगन' ही अमेरिकी पाणबुडी शत्रूच्या टापूत होती. डॅरेल रेक्टर या एकोणीस वर्षांच्या नाविकाच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. आंत्रपुच्छाचा दाह, ज्याला आपण 'अपेंडिक्स' म्हणतो तो, झाला होता. पाणबुडीवर डॉक्टर नव्हता. व्हीलर लाइप्स हा बावीस वर्षांचा साहाय्यक होता. त्याने रुग्णालयात शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या, त्यांत मदतही केली होती. परंतु स्वतः एकही केली नव्हती. ही गोष्ट त्याने रोग्यापासून लपविली नाही. रोग्याने संमती दिली आणि कप्तानाने आज्ञा दिली.

अधिकाऱ्यांच्या भोजनाच्या मेजावर रोग्यास निजविण्यात आले. जखम उघडी धरण्यासाठी स्वयंपाकघरातील चमचे वाकविण्यात आले. चहाच्या गाळणीवर जाळीदार कापड लावून ईथर हुंगविण्याचे साधन तयार झाले. हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी टॉर्पेडोतील अल्कोहोल वापरण्यात आले. सुमारे अडीच तासांनी आंत्रपुच्छ बाहेर निघाले. रेक्टर वाचला आणि थोड्याच दिवसांत कामावर रुजू झाला. दुर्दैवाने १९४४ मध्ये 'टँग' ही पाणबुडी स्वतःच्याच उलट फिरलेल्या टॉर्पेडोने बुडाली, त्यात तो गेला. लाइप्सला सन्मानपदक मिळावयास मात्र २००५ साल उजाडावे लागले.

मित्रांनो, ही कथा येथे संपवली तर टाळ्या मिळतील. पण धडा अपुरा राहील. लाइप्सचे वृत्तपत्रांतून कौतुक झाले, तरी नौदलाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना काळजी वाटली. उद्या प्रत्येक साहाय्यकाने पोटदुखी दिसताच सुरी हाती घेतली तर काय होईल? म्हणून शस्त्रक्रिया टाळून विश्रांती, तोंडाने काही न देणे आणि औषधे या मार्गाने रोग्यास सांभाळावे, असे धोरण पुढे ठरले. आज प्रतिजैविके व शिरेतून देण्याची द्रवे हाती असल्याने हा मार्ग अधिक सुरक्षित झाला आहे. म्हणजे सुरी चालविण्याच्या धैर्याइतकेच ती खाली ठेवण्याचे धैर्यही मोलाचे आहे.

त्याहून अवघड धैर्य आणखी एक आहे. औषधांनी गुण येत नाही असे दिसले, की साहाय्यकाला कप्तानापुढे उभे राहून सांगावे लागते, "हा माणूस माझ्या शक्तीबाहेर गेला आहे, याला किनाऱ्यावर नेले पाहिजे." हे ऐकल्यावर पाणबुडीचे मौन मोडावे लागेल, मोहीम सोडावी लागेल, कदाचित इतर सर्वांचे प्राण धोक्यात येतील. निर्णय कप्तानाचा, परंतु तो साहाय्यकाच्या शब्दावर उभा असतो. तो शब्द भीतीपोटी लवकर उच्चारला तर मोहीम वाया जाते, आणि अहंकारापोटी उशिरा उच्चारला तर माणूस जातो. आपल्याला काय येते हे त्याला ठाऊक हवेच; पण आपले ज्ञान कोठे संपते ती रेघही त्याला स्वच्छ दिसली पाहिजे.

पावसाळ्याच्या रात्री वाडीवर कोणी तापाने फणफणला, म्हणजे घरातील जाणत्या माणसापुढे हाच प्रश्न असतो: काढा देऊन सकाळची वाट पाहावी, की आताच खाट उचलावी? ज्याने नाडी, श्वास व ताप नीट पाहून ठेवले आहेत आणि ज्याला 'हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे' असे म्हणण्यात कमीपणा वाटत नाही, त्याचाच निर्णय योग्य ठरण्याचा संभव अधिक. तुमच्यापैकी कोणी पुढे नौदलात जाईल, कोणी दवाखान्यात, कोणी शेतात. कोठेही गेलात तरी प्रथमोपचार शिकून घ्या, डोळे उघडे ठेवा, आणि खाट उचलण्याची वेळ आली तर ती वेळेवर उचला.