काठाजवळची नाव (गीता २.६७)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ६७वा. थोडक्यात अर्थ असा: इंद्रियं विषयांत फिरत असताना मन ज्या एकाच्या मागे जातं, ते एकटंच माणसाची बुद्धी ओढून नेतं, पाण्यातल्या नावेला वारा नेतो तसं. हा श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. कळला मात्र गेल्या आठवड्यात.

सात महिने पुण्यात राहून आम्ही ग्रेनाडाला आमच्या शिडाच्या बोटीवर परतलो. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, म्हणून बोट पाण्याबाहेर काढून, पट्ट्यांनी जमिनीला जखडून ठेवली होती. ग्रेनाडा साधारण बारा अंश उत्तरेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली आहे असं समजतात. पण १ जुलै २०२४ ला बेरिल त्याच देशाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं, तेव्हापासून 'समजतात' हा शब्द मी जपून वापरते.

त्यामुळे पुण्यात रोज धाकधूक होती. आल्यावर पाहिलं तर बोट जागच्या जागी! गाद्यांना बुरशी, बॅटऱ्या मेलेल्या, एका झडपेत गांधीलमाशीचं मातीचं घर. एवढंच. आठ दिवस घासपूस करून बोट पाण्यात सोडली, तासाभरावरच्या खाडीत गेलो आणि संध्याकाळी नांगर टाकला. सुटलो बाबा!

नांगर टाकल्यावर एक नियम असतो. साखळी खोलीच्या निदान पाचपट सोडायची, इंजिन रिव्हर्समध्ये टाकून नांगर वाळूत रुतवायचा, मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोट सरकत नाही ना, ते बघत बसायचं. नवरा खाली कुकर लावत होता. काम माझं होतं. साखळी सोडली आणि तेवढ्यात फोनला रेंज आली. आठवडाभराचे मेसेज धडाधड यायला लागले. म्हटलं, दोन मिनिटं.

शेजारच्या बोटीवरच्या काकांनी शिट्टी वाजवली तेव्हा आम्ही त्यांच्या अगदी जवळून मागे चाललो होतो, आणि मागे प्रवाळाचा खडक होता. वादळ वगैरे काही नव्हतं हो! रोजचाच पूर्वेचा वारा, पंधरा नॉट. ज्याच्या जोरावर आम्ही एरवी बेटांमागून बेटं फिरतो, तोच.

इंजिन चालू करून कसेबसे निघालो. नांगर वर आला तो समुद्री गवताचा झुपका घेऊन. वाळूत रुतलाच नव्हता. नवरा काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

रात्री ज्ञानेश्वरी उघडली. याच श्लोकावर माऊलींनी वारा तर ठेवलाय, पण नाव काठाला लागत आलेली घेतलीये. तिथे तिला वाईट वारा गाठतो आणि टळलेलं संकट परत येतं. पुढची ओवी आणखी कडक आहे: हे पोहोचलेल्या माणसाबद्दल आहे, त्यानेही कौतुकाने इंद्रियांचे लाड केले तर. मी इतकी वर्षं हा श्लोक 'बिगिनर्स'साठी समजत होते! आपलं जरा बरं चाललंय, रोजचं वाचन होतंय, असं वाटतं तेव्हाच आपण खुणा बघायचं सोडतो.

आणि श्लोकाच्या अर्थात 'एक' आहे हेही मी कधी नीट वाचलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझे हात, कान, पाय सगळे बोटीवरच होते. गेले होते फक्त डोळे.

खरं सांगायचं तर ही सवय पुण्यातली. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा रात्री जागताना मी जप करायचे, मग जप आणि फोन, मग नुसताच फोन. बाबा घरी आले, बरे झाले, फोन हातातच राहिला. माळ बॅगेच्या तळाशी होती, बोटीवर सामान लावताना सापडली.

दुसऱ्यांदा नांगर टाकला तेव्हा पूर्ण साखळी सोडली, रिव्हर्स दिला. रात्री एक वाजेपर्यंत डेकवर माळ घेऊन बसले, चर्चचा दिवा आणि जेट्टीचा दिवा एका रेषेत आहेत ना ते बघत. फोन खाली, तांदळाच्या डब्यामागे.

उद्या ६८वा श्लोक.