सेवेच्या प्रमाणपत्रांनी एमबीबीएस मिळत नाही

महाराष्ट्रात एमबीबीएसच्या प्रवेशात समाजसेवेला एकही गुण नाही. एवढं एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर आमच्या मुलीचं वर्ष वाचलं असतं. ज्याने ते सांगण्याचे पैसे घेतले, त्याने नेमकं उलटं सांगितलं.

मंगरूळपीर तालुक्यातून अकोल्याला नीटच्या क्लाससाठी मुलं पाठवणाऱ्या घरांपैकी आमचं एक. तिथल्या एका प्रवेश मार्गदर्शकाने मुलीचे कागद चाळले आणि मान हलवली. ‘भाऊ, मार्क येतील, पण पोरीचं प्रोफाइल हलकं आहे. सेवेचा अनुभव दिसत नाही.’ ती राष्ट्रीय सेवा योजनेत होती, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत भर उन्हात भाविकांना पाणी देत उभी होती, हे मी सांगितलं. ‘तेवढ्यानं भागत नाही,’ म्हणाला. हे कोणत्या नियमात लिहिलंय ते दाखवा, असं मी तिथेच विचारलं. माझा मेहुणा साक्षीला होता. उत्तर आलं, ‘सगळंच लिहिलेलं नसते, भाऊ.’ सोयाबीनचे पैसे त्याच्या टेबलावर गेले. जातवैधतेची फाइलही ‘आम्हीच करून देतो’ म्हणत त्याने ठेवून घेतली.

काही महिन्यांनी एक फोल्डर हातात आलं. वृक्षारोपण, वृद्धाश्रम, स्वच्छता अभियान, आणि सोनेरी किनारीचं, गोल शिक्क्याचं एक रक्तदानाचं प्रमाणपत्र. मुलगी तेव्हा 17 वर्षांची. रक्तदानाला 18 पूर्ण लागतात. तिने ते वाचलं आणि म्हणाली, ‘बाबा, हे मी केलंच नाही.’ मी फोन लावला. ना लाज, ना दिलगिरी. ‘तारीख पुढची टाकून देऊ,’ म्हणाला. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीच्या हातात पहिलाच कागद खोटा ठेवणारा हा माणूस! मूळ कागद परत आणले, तेव्हा कळलं की वैधतेचा अर्ज भरलाच गेला नव्हता. प्रवेशफेरीत राखीव जागेवरचा तिचा दावा टिकला नाही, खुल्या गटात गुण कमी पडले. ती आता पुन्हा तयारी करते आहे.

सेवेच्या प्रोफाइलची ही गोष्ट त्याने आणली कुठून, तेही पुढे समजलं. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण बहुधा पदवीनंतर सुरू होतं, त्यासाठी एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तिथली वैद्यकीय महाविद्यालयं सेवेचा अनुभव खरोखर पाहतात. तिकडची गोष्ट त्याने इकडे आणून विकली. आपल्याकडे सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय पूर्वी स्वतःची परीक्षा घ्यायचं, गांधीविचारांचा पेपर असायचा. आता तिथेही नीटच. सेवा तिथे प्रवेशानंतर सुरू होते: आधी आश्रमात निवास, मग दत्तक गाव. मुलाखत म्हणाल तर ती पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी), नीटनंतर. तिथे खऱ्या कामाबद्दल बोलता येईल, पण विकतच्या कागदाबद्दल काय बोलणार?

म्हणून अर्ज मजबूत करायचा तर कागद आणि गुण, दोनच गोष्टी. वैधतेचा अर्ज मूल अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत टाका. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल हे कागद मिळायला वेळ लागतो. जुनी रजिस्टरं फाटलेली असतात, नावांचे काने-मात्रे जुळत नाहीत. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, ती तारीख आधी बघा. वैधतेला शासन कधी मुदतवाढ देतं, पण तिच्या भरवशावर राहू नका. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, पैसे दिले तर पावती घ्या. सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कागदांची यादी तिच्यातच असते. आणि 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे आहेत, पण आमच्याकडची मुलं मार खातात ती भौतिकशास्त्रात. क्लास लावायचाच तर त्यासाठी लावा. बाकी मन लावून अभ्यास, वेळेवर झोप, हे सगळे सांगतातच.

वाशिमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या मुलांना ते घराजवळ आहे, पण दार नीटच्या गुणांनी आणि खऱ्या कागदांनीच उघडतं. तुमचं मूल अकरावीत असेल, तर याच आठवड्यात आजोबांच्या शाळेत जा आणि तो उतारा काढून आणा.